पाण्याची शिरगणती

आम्ही गणिताचे पदवीधर नव्हे, आणि पाटबंधारे खात्यातही आम्ही कधी नोकरी केलेली नाही. नववीत शाळा सुटली, मग ओतकामाच्या कारखान्यात हेल्पर झालो, आणि पुढे कामगार संघटनेचे काम मागे लागले ते आजतागायत. त्यामुळे व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांस विषय विचारला, तेव्हा बोनसचा कायदा किंवा कंत्राटी पद्धत असे काही तरी उत्तर येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही “पाणी मोजण्याचा इतिहास” म्हणताच त्यांतील एका गृहस्थांनी, “म्हणजे पाणीपट्टी का?” असे विचारले. पाणीपट्टी नव्हे. उघड्यावर धावणारे, उसळणारे, कोसळणारे पाणी पुढच्या क्षणी कोठे असेल हे आधी हिशेबाने काढता येते काय, आणि तो हिशेब माणसांनी कसकसा केला, हा आमचा विषय आहे.

हा नाद आम्हांस कसा लागला ते आधी सांगितले पाहिजे. काही वर्षांमागे शिरोलीच्या पट्ट्यातल्या एका फौंड्रीत नवा संगणक आला. साच्यात लोखंडाचा रस कसा भरेल, हवा कोठे कोंडेल, पोकळी कोठे राहील, हे तो ओतण्याआधीच पडद्यावर दाखवितो असे सांगण्यात आले. तोवर रनर कोठून द्यायचा, रायझर कोठे बसवायचा, हे आमचे एक वयस्क मोल्डर ठरवीत. सारा कारखाना त्यांना मामा म्हणतो. तीस वर्षे त्यांनी वाळू हाताळली आहे. मॅनेजरसाहेबांनी कौतुकाने मामांना पडद्यासमोर बसविले. तांबडे-पिवळे टिपके साच्यात शिरले, कोपऱ्यांत आपटले, उसळून परत फिरले. मामांनी सारे शांतपणे पाहिले आणि विचारले, “साहेब, हे टिपके कुणी मोजले?” त्या खोलीत दोन इंजिनिअर होते, विकणाऱ्या कंपनीचा माणूस होता, आणि आम्हीही होतो. कोणालाच उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाचा पाठपुरावा आम्ही तेव्हापासून करीत आहोत. नगरवाचनालय, इंग्रजी-मराठी शब्दकोश, आणि इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी आमच्या सभासदांची दोन मुले, एवढ्या भांडवलावर जे हाती लागले ते येथे मांडतो.

प्रथम अडचण काय आहे ती पाहू. नळातून वाहणाऱ्या पाण्याचा हिशेब त्या मानाने सोपा, कारण पाण्याची हद्द ठरलेली असते. नळ आहे तेवढेच पाणी. पण घागर उपडी केली, लाट फुटली, किंवा धरणाची भिंत गेली की पाण्याची वरची बाजू मोकळी सुटते. पाणी कोठे संपते आणि हवा कोठे सुरू होते ती रेषा दर क्षणाला बदलते. हिला शास्त्रज्ञ मुक्त पृष्ठभाग म्हणतात. गंमत अशी की पाण्याची गती काढावयाची तर त्याची हद्द ठाऊक पाहिजे, आणि हद्द काढावयाची तर गती ठाऊक पाहिजे. उत्तराचा अर्धा भाग प्रश्नातच अडकलेला. आणि मोकळा पृष्ठभाग नुसता हलत नाही. तो फाटतो, त्याचे थेंब होतात, थेंब परत पडून एकजीव होतात. कागदावर रेघ ओढून ही हद्द दाखवावी, तर एका रेघेच्या पन्नास रेघा होतात.

पाण्याच्या गतीचे नियम मात्र फार पूर्वी मांडले गेले होते. ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७५७ मध्ये आपली समीकरणे प्रसिद्ध केली. फ्रान्सचा नाव्हिए याने १८२२ मध्ये, आणि पुढे १८४५ मध्ये स्टोक्सने, द्रवाच्या अंगच्या चिकटपणाचा हिशेब त्यांत घातला. म्हणजे गेली पावणेदोनशे वर्षे रीत हाती आहे. ती रीत चालवून उत्तर काढणे, हेच काय ते अडले होते; थोड्या सोप्या प्रकारांपलीकडे कागद-पेन्सिलीने ती सुटत नाहीत.

वाहते पाणी पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत, आणि पुढचा सारा इतिहास या दोहोंच्या झगड्याचा आहे. आषाढी वारीचे उदाहरण घ्या. दिवेघाटात एका दगडावर बसून दर मिनिटाला समोरून किती वारकरी गेले, किती वेगाने गेले, हे लिहून ठेवता येते. किंवा आपणच एका दिंडीत सामील होऊन पंढरपूरपर्यंत चालत जावे, आणि आपल्या शेजारी कोण आहे, गर्दी कोठे दाटली, कोठे पांगली, हे टिपावे. वारी एकच, हिशेब दोन. पहिल्या तऱ्हेला ऑयलरचे नाव आहे, दुसरीला लाग्रांज या दुसऱ्या गणितज्ञाचे. दगडावर बसणाऱ्याचे सोपे असते, कारण त्याची जागा हलत नाही. पण वारीची शेवटची दिंडी कोठे आहे हे त्याला नेमके सांगता येत नाही. दिंडीबरोबर चालणाऱ्याला ते आपोआप कळते. पण त्याची अडचण दुसरीच. आज जो शेजारी आहे तो उद्या मैलभर मागे असेल.

आता हिशेब करणाऱ्या माणसांकडे वळू; आम्हांस ओढ त्यांचीच आहे. लुइस फ्राय रिचर्डसन नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते. पंथाने क्वेकर, म्हणून शस्त्र धरणार नाहीत. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सच्या आघाडीवर रुग्णवाहिका चालवीत. हवेच्या समीकरणांवरून हवामान आकड्यांनी काढता येईल अशी त्यांची धारणा होती. २० मे १९१० या एका दिवसाच्या नोंदी घेऊन त्यांनी सहा तासांतल्या बदलाचा हिशेब हाताने केला. उत्तर साफ चुकले. हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबार बदलेल असे आले. प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. एवढे चुकूनही त्यांनी १९२२ मध्ये तो हिशेब पुस्तकात जसाच्या तसा छापला. आपली चूक एवढ्या तपशिलाने छापणारा मनुष्य आम्हांस फार आवडतो; कारखान्यांच्या वार्षिक अहवालांत अशी माणसे आम्हांस आढळली नाहीत.

त्याच पुस्तकात त्यांनी एक कल्पनाचित्र रंगविले आहे. एक अवाढव्य गोल नाट्यगृह, त्याच्या भिंतींवर पृथ्वीचा नकाशा, आणि प्रत्येक भागापाशी हिशेब करणारी माणसे, एकूण ६४,०००. मधल्या उंच खांबावर एक जण दिव्याच्या झोताने पुढे गेलेल्यांना थोपवितो, मागे पडलेल्यांना हाक देतो. त्या काळी ‘कॉम्प्युटर’ या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळी हिशेब करणारा मनुष्य असा होता. या चित्रात मुकादमापासून पाळीपर्यंत सारे आहे. फक्त मजुरीचा दर तेवढा नाही.

ते नाट्यगृह कधी बांधले गेले नाही. पण त्याची छोटी आवृत्ती १९४३-४४ च्या सुमारास अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या पठारावर, लॉस अलामोस येथे, उभी राहिली. काम अणुबाँबचे. स्फोटाच्या दाबाखाली धातू द्रवासारखा आत कसा दबेल हा प्रश्न प्रवाहाचाच होता, आणि त्याचा हिशेब प्रथम गणनयंत्रांवर बसलेली माणसे करीत. त्यांत तेथल्या शास्त्रज्ञांच्या बायका बऱ्याच होत्या. मग भोके पाडलेल्या कार्डांची यंत्रे आली. रिचर्ड फाइनमन हे पुढे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ तेव्हा ऐन पंचविशीत होते. त्यांनी सांगितलेल्या दोन हकिगती आम्ही सभासदांच्या प्रत्येक शिबिरात सांगतो.

पहिली अशी. यंत्रे यायच्या आधी त्यांनी मुलींची एक रांग बसविली. एकीने फक्त गुणाकार करायचा, दुसरीने फक्त बेरीज, तिसरीने फक्त घन काढायचा, आणि कार्ड पुढे सरकवायचे. या रांगेचा वेग नव्या यंत्राच्या ठरविलेल्या वेगाइतकाच भरला! फरक एवढाच की यंत्र दमत नसे आणि तीन पाळ्या चालू शके, मुली थकत.

दुसरी हकिगत अधिक मोलाची. यंत्रांवर काम करायला सैन्यातली हुशार पोरे आणली होती. पण हे आकडे कशाचे आहेत, हे गुप्ततेपायी त्यांना सांगितलेले नव्हते. नऊ महिन्यांत त्यांनी तीन प्रश्न सोडविले. फाइनमन यांनी वरिष्ठांकडून परवानगी मिळविली, आणि पोरांना काम कशाचे आहे ते एका व्याख्यानात सांगून टाकले. त्यानंतरच्या तीन महिन्यांत त्याच पोरांनी नऊ प्रश्न सोडविले. रात्री जागून नव्या रीती त्यांनी आपण होऊन काढल्या. हे काम कशासाठी होते आणि १९४५ च्या ऑगस्टमध्ये त्याचे फळ कोणाच्या डोक्यावर पडले, हे आम्ही विसरत नाही. तरीसुद्धा काम करणाऱ्यास कामाचा अर्थ कळला म्हणजे काय घडते याचा इतका उघड दाखला दुसरा आमच्या पाहण्यात नाही.

युद्ध संपले, इलेक्ट्रॉनिक संगणक आले. लॉस अलामोस येथे १९५२ मध्ये ‘मॅनिॲक’ नावाचा संगणक चालू झाला. त्याच्या स्मृतीत अवघ्या १,०२४ संख्या मावत. पुढच्याच वर्षी तेथे फ्रान्सिस हार्लो नावाचे तरुण शास्त्रज्ञ आले. आमच्या कथेचे हे खरे नायक. दगडावर बसणाऱ्याची पद्धत आणि दिंडीबरोबर चालणाऱ्याची पद्धत, दोन्हींचे गुण घ्यावे असे त्यांनी ठरविले. जागेवर स्थिर चौकडी आखायची, पण द्रव्य कणांच्या रूपाने तीतून चालवायचे. प्रत्येक कणावर ठरावीक वजन लादलेले. कण या चौकटीतून त्या चौकटीत गेला की आपले वजन आणि आपली गती घेऊन जातो. दाबाचा हिशेब मात्र चौकटीचा. ही ‘चौकटीतले कण’ पद्धत त्यांनी १९५५ मध्ये मांडली. ज्या काळी यंत्रात हजार संख्या जेमतेम मावत, त्या काळी एकेका कणाची जागा आणि गती लक्षात ठेवायची म्हणजे केवढी चैन! कण थोडेच ठेवावे लागत.

दहा वर्षांनी, १९६५ मध्ये, हार्लो आणि त्यांचे सहकारी वेल्च यांनी मोकळ्या पृष्ठभागाच्या पाण्यासाठी दुसरी पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यातले कण पहिल्याहून निराळे होते. त्यांना वजन नाही, बळ नाही. ते नुसते पाण्याबरोबर फिरतात. ज्या चौकटीत एक तरी कण आहे तेथे पाणी आहे असे समजायचे. जेथे एकही नाही ती चौकट रिकामी. आणि भरलेल्या चौकटीला रिकामी चौकट लागून असेल, तर तेथे पाण्याचा काठ. हे कण म्हणजे हजेरीपटावरची नावे होत. स्वतः काम करीत नाहीत, पण पाळीवर कोण हजर आहे ते त्यांच्याशिवाय कळत नाही. थेंब पाण्यात पडून मुकुटासारखी उसळी कशी उठते, दरवाज्याखालून पाणी कसे सुटते, फुटणारी लाट कशी वळते, याची चित्रे या पद्धतीने यंत्रातून निघू लागली. तोवर अशी चित्रे फक्त कॅमेऱ्याने मिळत.

थोडे विषयांतर. हे हार्लो चित्रे काढीत, आणि न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो लोकांच्या मातीच्या भांड्यांचे मोठे जाणकार होते. त्या भांड्यांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. कुंभाराच्या हातचे काम ज्याला पाहता येते, त्याला पाण्याचा आकार दिसावा यात आम्हांस नवल वाटत नाही. ते २०१६ साली वारले.

पण यंत्राने काढलेले चित्र खरे की खोटे, हे कसे ठरवायचे? त्यासाठी एक प्रयोग उपयोगी पडला, आणि तो आजही प्रत्येक नव्या पद्धतीची पहिली परीक्षा म्हणून घेतला जातो. इंग्लंडात मार्टिन आणि मॉइस या दोघांनी १९५२ मध्ये तो प्रसिद्ध केला. पाण्याचा एक लहानसा चौकोनी स्तंभ, रुंदी सव्वादोन इंच, पडद्याने अडवून धरायचा. पडदा एकदम काढायचा. स्तंभ कोसळतो आणि पाणी तळावर पसरते. त्याचे टोक दर क्षणाला कोठे पोचले ते फोटोवरून मोजायचे. सव्वादोन इंचांचे हे धरणच फुटले म्हणा ना. याचा नुसता कागदी सिद्धांत जर्मन शास्त्रज्ञ रिटर यांनी १८९२ मध्येच दिला होता. त्या सिद्धांताप्रमाणे दहा मीटर उंच पाणी अडविणारी भिंत क्षणात नाहीशी झाली, तर कोरड्या सपाट तळावर पाण्याचे टोक सेकंदाला सुमारे वीस मीटर, म्हणजे तासाला सत्तर किलोमीटरच्या वेगाने सुटेल. प्रत्यक्षात तळाच्या घर्षणाने वेग कमी भरतो.

महाराष्ट्रात या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचे जुने धरणही गेले, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. आमच्या जन्माआधीची ही गोष्ट. पण आमची आई तेव्हा शनिवारात मावशीकडे राहायला होती, आणि माळ्यावर बसून काढलेल्या त्या दिवसाचे वर्णन ती दर पावसाळ्यात करीत असे. पाणी वाढत आले असे ती कधी म्हणाली नाही. पाणी चालत आले असे म्हणे.

त्याच खडकवासल्याला केंद्र सरकारची जलसंशोधन संस्था आहे. तिची सुरुवात १९१६ ची. तेथे नद्यांचे, बंदरांचे, धरणांच्या सांडव्यांचे लहान नमुने बांधून त्यांतून खरे पाणी सोडतात. जगभर हीच रीत होती, आणि ती टाकाऊ नव्हे. नमुना शंभर पटींनी लहान केला तर काळ दहा पटींनी लहान धरावा लागतो, असे तिचे गणित आहे. पण नमुन्यात सारेच लहान करता येत नाही. पाण्याच्या थेंबाला गोल धरून ठेवणारा पृष्ठताण तेवढाच राहतो. वाळूचा कण शंभर पटींनी लहान केला तर त्याची माती होते. म्हणजे नमुन्यातही कोणी तरी ठरवितो की काय मोजायचे आणि काय सोडून द्यायचे. हे ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता पद्धतीचा पुढचा टप्पा. तो पाण्यासाठी निघालाच नाही, ताऱ्यांसाठी निघाला. १९७७ साली इंग्लंडात लिऑन ल्यूसी यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे जिंगोल्ड आणि मोनॅहन यांनी, चौकडी पार टाकून दिली. ताऱ्याला भांडे नसते; मोकळ्या अवकाशात चौकडी आखावी तरी कोठवर? तेव्हा नुसते कणच ठेवायचे. प्रत्येक कणाने ठरावीक अंतरातल्या शेजाऱ्यांकडे पाहायचे. अगदी जवळच्याला जास्त मान, लांबच्याला कमी, ठरल्या अंतरापलीकडच्याला मुळीच नाही. शेजाऱ्यांची अशी बेरीज केली की तेथली घनता निघते. घनता वाढली की दाब वाढतो, आणि दाब वाढला की कण एकमेकांना दूर लोटतात. आठवडी बाजारात दाटी झाली म्हणजे माणूस जे करतो तेच. त्यात एक नियम कडकपणे पाळलेला आहे. अ हा ब ला जेवढे लोटतो, तेवढेच ब अ ला उलट लोटतो. त्यामुळे साऱ्या जमावाची मिळून गती कोठे हरवत नाही आणि कोठून उपटतही नाही.

या पद्धतीचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. आम्ही तिला ‘शेजारपद्धत’ म्हणतो. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाचे तेच मोनॅहन यांनी १९९४ मध्ये ती मोकळ्या पृष्ठभागाच्या पाण्याला लावून दाखविली; फुटणारे धरण त्यांत होतेच. अडचण अशी होती की पाणी जवळजवळ दबत नाही, आणि त्यातून आवाज सेकंदाला दीड हजार मीटर वेगाने जातो. तो वेग जसाच्या तसा धरला तर यंत्राला इतकी बारीक पावले टाकावी लागतात की हिशेब संपतच नाही. मोनॅहन यांनी युक्ती केली. पाणी थोडेसे दबते असे मानायचे. आवाजाचा वेग खरा न धरता, पाण्याच्या सर्वांत मोठ्या वेगाच्या सुमारे दहापट धरायचा. मग घनतेत शेकड्याला एक एवढाच फरक पडतो, आणि काम आटोक्यात येते. जपानात तोक्यो विद्यापीठाच्या कोशिझुका आणि ओका यांनी १९९६ मध्ये निराळ्या वाटेने कणांचीच पद्धत मांडली. तिची प्रेरणा अणुभट्टीतल्या अपघातांच्या अभ्यासाची होती.

आणि मोकळ्या पृष्ठभागाचे काय झाले? त्याचा शोध घ्यावाच लागत नाही! जेथे कण आहेत तेथे पाणी, जेथे नाहीत तेथे हवा. लाट फुटली तर कण फुटून उडतात, परत पडले की शेजारी मिळतात. अडीचशे वर्षांची अडचण अशी वळसा घालून ओलांडली गेली. पण या कणाला पाण्याचा रेणू समजू नये. धरणाच्या हिशेबात एकेक कण मीटरभर लांबीरुंदीचा, म्हणजे हजार लिटर पाण्याचा, असू शकतो. दोषही पुष्कळ आहेत. काठावरच्या कणाला एका बाजूस शेजारीच नसतात, म्हणून त्याची बेरीज कमी भरते. भिंतीपाशी काय करायचे हा वाद मिटलेला नाही. आणि कणांतले अंतर निम्मे करून चित्र बारीक करावे म्हटले, तर कण आठपट होतात, पावलेही दुप्पट टाकावी लागतात, म्हणजे काम सोळापट. या सोळापटीतून वाट काढली ती पोरांच्या खेळांनी. संगणकावरच्या खेळांची चित्रे भरभर काढण्यासाठी बनविलेल्या चिपा या कामाला नेमक्या उपयोगी पडल्या. स्पेनमधल्या व्हिगो आणि इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठांतील मंडळींनी त्यांवर चालणारा आपला कार्यक्रम सर्वांस फुकट खुला ठेवला आहे. आमच्या सभासदाच्या मुलाने तो घरच्या यंत्रावर चालवून सव्वादोन इंचांचे धरण आम्हांस फोडून दाखविले. सिनेमातल्या पुष्कळशा लाटा आज हार्लो यांच्या चौकटीतल्या कणांच्या वंशजांनीच काढलेल्या असतात.

आता व्हायोंत. ही कथा सांगितल्याशिवाय आमच्याने पुढे जाववत नाही.

इटलीच्या उत्तरेस, डोंगराच्या अरुंद घळीत, एका खाजगी वीज कंपनीने व्हायोंतचे धरण बांधले. उंची २६१ मीटरांवर. मागे पाणी साठू लागताच शेजारचा तोक नावाचा डोंगर हलू लागला. १९५९ मध्ये तीना मेर्लिन या बातमीदार बाईंनी एर्तो गावच्या शेतकऱ्यांची भीती आपल्या वर्तमानपत्रात छापली. खोट्या बातम्या पसरवून लोकांत घबराट केली म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९६० मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात डोंगराचा एक तुकडा जलाशयात कोसळलाही. कंपनीने मग दोनशेपट लहान नमुना बांधून प्रयोग करविले. कोसळणाऱ्या डोंगराच्या जागी खडीचा ढीग वापरला. प्रयोगाचा निष्कर्ष असा की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७०० मीटरांवर ठेवल्यास धोका नाही.

९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री पातळी ७०० मीटरांच्या आसपासच होती. डोंगर खडीसारखा घसरला नाही. सुमारे २७ कोटी घनमीटरांचा कडा एकसंध, आगगाडीच्या वेगाने, जलाशयात आला. पाणी धरणाच्या माथ्यावरून शंभर मीटरांहून उंच उसळले आणि खालच्या लोंगारोने गावावर पडले. सुमारे दोन हजार माणसे गेली. धरण फुटले नाही. ते आजही तेथे उभे आहे.

पन्नास वर्षांनी, २०१३ मध्ये, पार्मा विद्यापीठातील संशोधकांनी हीच शेजारपद्धत घेऊन ती लाट पुन्हा मोजली, आणि समोरच्या उतारावर राहिलेल्या पाण्याच्या खुणांशी ताडून पाहिली. डोंगर कसा आणि किती वेगाने आला हे त्यांना यंत्रास आधी सांगावे लागले. यंत्राने पाणी मोजले. म्हणजे १९६२ मध्ये कोणी आजचा संगणक आणून दिला असता, आणि त्यात खडीच भरली असती, तर त्यानेही सातशे मीटरच सांगितले असते असे आम्हांस वाटते. एर्तोच्या शेतकऱ्यांना डोंगर एकसंध हलतो आहे हे जमिनीला पडलेल्या भेगेवरून दिसत होते. त्यांना नमुन्यापाशी कोणी बोलावले नाही.

आता शिरोलीस परत येऊ. मामांच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापुरते आम्हांस मिळाले. फौंड्रीतल्या अशा कार्यक्रमांची वंशावळ पुष्कळदा लॉस अलामोसलाच जाऊन पोचते. हार्लो यांच्या गटातले हर्ट यांनी निकोल्स यांच्याबरोबर कणांऐवजी, चौकट किती भरली आहे याचा अपूर्णांक मोजण्याची रीत बसविली. ती १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधीच, १९८० मध्ये, हर्ट यांनी स्वतःची कंपनी काढली होती, आणि तिचा कार्यक्रम ओतकामात पसरला. ऑस्ट्रेलियातल्या सरकारी संशोधन संस्थेत क्लीअरी यांनी शेजारपद्धतही धातू ओतण्याला लावली. हे सारे आम्ही एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मामांना सांगितले. त्यांनी भाकरी खाता खाता ऐकले.

मग ते म्हणाले, “मुली होत्या म्हणता?”

आम्ही म्हटले, होय, पहिला हिशेब मुलींनी केला.

“त्यांची नावं लिवल्यात का कुटं?”

थोड्यांची आहेत. त्याच लॉस अलामोस येथे मॅनिॲकवर फर्मी आणि दोघा शास्त्रज्ञांनी केलेला एक गाजलेला प्रयोग १९५५ चा आहे. त्याचा कार्यक्रम मेरी त्सिंगू या बाईंनी रचला. त्या प्रयोगाला पुढे पन्नास वर्षे तीन पुरुषांच्याच नावांनी ओळखत. बाईंचे नाव अहवालाच्या पहिल्या पानावर, तळटिपेत, आभारांत होते. अलीकडे कोठे ते वर येऊ लागले आहे. हे ऐकून मामा काही बोलले नाहीत. हात धुवून पाळीवर गेले.

त्या नव्या संगणकाने साहेबांचे नुकसान वाचविले हे खरे आहे, आणि ते आम्ही नाकारीत नाही. रिजेक्शन कमी झाले. पण पहिल्या सहा महिन्यांत एक झाकण दर खेपेस एकाच जागी पोकळ निघे, आणि पडद्यावर तेथे काहीच दिसत नसे. मामांनी कोअर हातात घेऊन, वास घेऊन सांगितले की हिच्यातून वायू सुटतो, आणि त्याला वाट नाही. चौकशी केली तेव्हा कळले की कोअरमधून सुटणाऱ्या वायूचा हिशेब त्या कारखान्याने घेतलेल्या कार्यक्रमात नव्हताच. तो भाग वेगळा विकत घ्यावा लागतो. मामांच्या सांगण्यावरून कोअरला भोके पाडली, झाकण भरीव निघाले. त्या सुधारणेचा कागद इंजिनिअरच्या सहीने वर गेला.

यंदाच्या करारात आम्ही एक कलम घातले आहे. सिम्युलेशनच्या खोलीत दर पाळीला एक जुना मोल्डर बसेल, त्याला पगार मोल्डरचा न मिळता त्या खोलीतल्या श्रेणीचा मिळेल, आणि सुधारणेच्या कागदावर त्याचे नाव येईल. व्यवस्थापनाने पहिला भाग मान्य केला आहे, दुसऱ्याला वेळ मागितला आहे. तिसऱ्यावर त्यांचे म्हणणे असे पडले की त्या छापील फॉर्मात दुसऱ्या नावाला जागा नाही. पुढची बैठक ज्येष्ठात आहे. आम्ही नवा फॉर्म छापून नेणार आहोत.